पंधराव्या दिवसाचे ढग

तिच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. या गोष्टीला आता बेचाळीस वर्षं झाली.

पत्र काही मोठं नव्हतं. दीड पान, निळी शाई, शेवटच्या ओळींत अक्षर जरा घाईचं झालेलं. त्यात प्रश्न एकच होता. ‘त्या दिवशी ढग होते का?’ उत्तर एका शब्दात देता आलं असतं – होते, किंवा नव्हते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी सुवाच्य अक्षरात उतरवल्या, त्याला एक शब्द लिहिणं अवघड जाऊ नये. मला गेलं. का गेलं ते सांगायचं तर आधी एका फुलाबद्दल सांगावं लागेल, आणि फुलाबद्दल सांगायचं तर तिच्याबद्दल. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. प्रयत्न करतो.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात ग्रंथपालाचा सहायक. पुस्तकं देणं-घेणं, आणि उरलेल्या वेळात वाळवलेल्या वनस्पती जाड कागदावर चिकटवून त्यांच्याखाली चिठ्ठ्या लिहिणं, हे माझं काम. हजारभर फुलं मला नावानिशी ठाऊक होती. सगळी वाळलेली.

एका दुपारी दार ढकलून एक मुलगी आत आली. बुटांना ओला पाचोळा चिकटलेला. मी नुकतीच फरशी पुसून घेतली होती, तिच्यावर तिची पावलं थेट माझ्या टेबलापर्यंत उमटली. तिने रुमाल उघडला. आत एक पांढरं फूल होतं, सहा पाकळ्यांचं, चांदणीसारखं. मग तिने शेजारच्या कपाटातून एक जाडजूड चित्रमय ग्रंथ काढला, बरोबर पान उघडलं आणि माझ्यासमोर आपटला.

“हे बघा. पुस्तकात मान खाली घालून मिटलेलं, आणि माझ्या हातात हे असं उघडं. खरं कोण?”

“दोन्ही,” मी म्हणालो. “चित्रकार... बहुतेक ढगाळ दिवशी गेला असेल.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला कसं माहीत?”

“वाचलंय. हे फूल ऊन गेलं की मिटतं.”

“वाचलंय. पाहिलंय का कधी?”

“...नाही.”

“रान इथून अर्ध्या तासावर आहे.”

“हो. आहे.”

“म्हणजे तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता,” ती म्हणाली, आणि हसली. चिडवलं तरी लागू नये असं हसणं काही लोकांना जमतं. तिला जमायचं.

ती दुसऱ्या शहरातून संशोधनासाठी आली होती. विषय तेच फूल. पुस्तकातलं त्याचं नाव लांबलचक आहे. रानाजवळचे लोक त्याला रानतारा म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. तिला नोंदी लिहिणारा कोणीतरी हवा होता. आठवड्याने विभागप्रमुख सरांनी मला बोलावलं. “त्या बाई म्हणतात, चिठ्ठ्या लिहिणारे तेच हवेत. अक्षर चांगलं आहे म्हणे.” सर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होते. “रानात जावं लागेल. जमेल?”

मी होकारार्थी मान हलवली. बूट मात्र दुसऱ्या दिवशी विकत आणले.

रानतारा हे फार घाईचं आणि फार सावकाशीचं फूल आहे. घाई अशी, की झाडांना पालवी फुटायच्या आधी, रान अजून उघडंबोडकं असताना, जेवढं ऊन जमिनीपर्यंत पोचतं तेवढ्यात त्याला पानं, फूल, बी सगळं उरकायचं असतं. एकदा वर सावली दाटली की उन्हाळ्याच्या मध्यावर ते दिसेनासं होतं. कोणी म्हणेल, मेलं. मेलेलं नसतं. पाचोळ्याखाली त्याचं काडीसारखं तपकिरी खोड आडवं पडून असतं, आणि तिथे त्याची सावकाशी सुरू होते. ते खोड पुढे सरकतं – वर्षाला बोटाच्या पेराएवढं, फार तर दोन पेरं.

हे तिने मला गुडघ्यावर बसून, पाचोळा बाजूला करून दाखवलं.

“एवढं हळू चालतं का कोणी?” असं म्हणून तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मला त्यावर एक चांगलं उत्तर सुचलं. तीन दिवसांनी. चौथ्या दिवशी मी ते धीर करून म्हणालो, “हळू चालणारं पोचत नाही, असं थोडंच आहे.”

“कशाबद्दल बोलताय?” तिने विचारलं.

“...खोडाबद्दल. परवाच्या.”

ती एवढी हसली की तिला मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

कामाची रीत अशी होती. आठ ताटवे निवडलेले, पाच रानात, तीन खालच्या माळावर. प्रत्येकाला चार खुंट्या आणि भोवती दोरी. दर अर्ध्या तासाने प्रत्येक ताटव्यात किती फुलं उघडी आहेत, कोणत्या माशा नि मधमाश्या येऊन बसल्या, हे ती मोजून सांगणार आणि मी लिहिणार. वहीत रकाने आखलेले – तारीख, वेळ, आकाश, उघडी फुलं, पाहुणे. ‘पाहुणे’ हे नाव तिनेच दिलेलं. लिहायचं शाईने. खोडायचं नाही. “चुकलं तर चूक दिसली पाहिजे,” ती म्हणायची. आणि असे उन्हाचे पूर्ण दिवस पंधरा हवेत. पंधरा भरले की तिचं काम संपलं, ती आपल्या शहरात परत.

पण फूल उन्हाचं लाडकं. ढग आला की अर्ध्या तासात एकेक मिटू लागायचं, मान टाकायचं, आणि आमचं काम ठप्प. तो दिवस धरायचा नाही. मग ऊन परत येईपर्यंत आम्ही लाकूडतोड्यांच्या जुन्या खोपटात बसायचो. पत्र्यावर पाऊस वाजायचा, दाराशी तिची छत्री गळत असायची, थर्मासच्या झाकणात चहा. झाकण एकच होतं. आधी ती, मग मी. ती कुठल्या बाजूने प्यायली हे मला दर वेळी माहीत असायचं आणि माहीत नसल्यासारखं दाखवावं लागायचं.

“याच्यात मध नसतो,” एकदा ती दाराबाहेरच्या मिटलेल्या फुलांकडे पाहत म्हणाली. “थेंबभरसुद्धा नाही. नुसते पराग. तरी पाहुणे येतात.”

“का येत असतील?”

“पराग खायला. शास्त्रीय उत्तर ते.” ती थांबली. “तुमचं काय?”

“आवडत असेल... इथे बसायला.”

तिने झाकण माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, “आणि त्या पाकळ्याही नव्हेत बरं. फुलाच्या बाहेरचं आवरण असतं ना, तेच पांढरं झालंय. आतून पांढरं, बाहेरून किंचित गुलाबी. म्हणून मिटलं की गुलाबी दिसतं. लाजल्यासारखं.” आणि माझ्याकडे न बघता, “तुमचे कान होतात ना, तसं.”

मी कानांवर हात ठेवले. हा मूर्खपणा होता, पण ठेवले.

“आता ते तुम्ही-बिम्ही पुरे,” ती म्हणाली. “मी तू म्हणणार. तूही म्हण.”

“म्हणेन.”

“कधी?”

“...ऊन आलं की.”

ऊन आलं. मी तिला ‘बाई, तिसरा ताटवा राहिला’ असं म्हणालो. तेव्हापासून तिने माझं नाव ‘नोंदवही’ ठेवलं. ‘काय नोंदवही, आज बोलणार की नुसती लिहिणार?’

घरी ताई होती. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, शिवणकाम करायची, आणि टाके घालता घालता माणसाचेही टाके उसवायची.

“आज किती मोजलीस?”

“शहाऐंशी.”

“फुलं नाही रे. वाक्यं. तिच्याशी बोललास ती.”

मी हिशेब केला. “चार.”

“कालच्यापेक्षा एक जास्त. चांगलं चाललंय,” ताई म्हणाली आणि मशीन चालवू लागली.

दिवस भरत गेले. नऊ झाले, अकरा झाले. मी ढगांची वाट पाहू लागलो. सकाळी खिडकी उघडून आकाश निरभ्र दिसलं की माझा चेहरा पडायचा. माळावरच्या ताटव्यांपाशी ती एकदा म्हणाली, “उघड्या माळावर रानतारा दिसला ना, की समजायचं, इथे पूर्वी रान होतं. याचं बी सहसा रुजत नाही, चालतं हे असं मुंगीच्या पावलांनी. एवढ्या लांब स्वतःहून आलेलं नसतं. झाडं तोडली गेली, हे राहून गेलं.” तिने हात झटकले. “मला असं राहून जाणं आवडत नाही. वाईट वाटतं.” तेव्हा तेरा दिवस झाले होते.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरमालकीणबाईंचा निरोप आला – ती उठू शकत नाही, तू एकटा जाऊन मोजून ये, आज स्वच्छ दिवस आहे, पंधरावा उरकून टाक.

मी एकटा रानात गेलो. तसं ऊन त्या संपूर्ण वसंतात पडलं नव्हतं. बुंध्यांमधून सरळ जमिनीवर उतरलेलं. आठही ताटवे पांढरे झाले होते, एकही मान खाली नव्हती. पाहुणे तर इतके, की त्यांची गुणगुण खोपटापर्यंत ऐकू येत होती. मी सवयीने मोजत राहिलो – मनातल्या मनात, दर अर्ध्या तासाने, सगळे ताटवे. भर दुपारी एकशे चौदा फुलं उघडी होती. वही मात्र मांडीवर मिटलेली.

चार वाजता मी वही उघडली. तारीख घातली. ‘आकाश’ या रकान्यात लिहिलं – ढगाळ. ‘उघडी फुलं’ – नाहीत, मिटलेली. ‘पाहुणे’ – नाहीत. शाई वाळेपर्यंत मी पानाकडे पाहत होतो. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं होतं.

तिच्या खोलीत पडदे ओढलेले होते. तापाने डोळे दुखत होते तिचे. ती उशीवरून म्हणाली, “झालं?”

“नाही. ढग होते.”

“दिवसभर?”

“...दिवसभर.”

“सकाळी मला वाटलं ऊन आहे. पडद्याआडून काही कळतच नाही.” तिने डोळे मिटले. “म्हणजे अजून एक दिवस राहिला.”

“हो.”

“तुला वाईट वाटलेलं दिसत नाही.”

“वाटलंय. म्हणजे... नाही वाटलेलं.”

ती हसली, मग खोकली, मग मला हाकललं. बाहेर रस्त्यावर ऊन अजून तसंच होतं. आपण एक दिवस मिळवला, एवढंच माझ्या मनात होतं. तो कुणाचा काढून घेतला, हे मनात आलं नाही.

त्यानंतर मात्र खरे ढग आले. चार दिवस पाऊस. पाचव्या दिवशी आम्ही रानात गेलो तेव्हा रानतारा उतरणीला लागला होता. पांढरं सगळं पाचोळ्यावर सांडलेलं, वर हिरव्या बियांचे बारीक गोंडे. आठ ताटव्यांत मिळून तेवीस फुलं. ती एकेका ताटव्यापाशी उभी राहिली. “चार दिवसांत संपलं. त्या दिवशी ऊन असतं, तर शेवटची नोंद किती सुंदर झाली असती.”

मी पेनाला टोपण लावलं.

“मला काही सांगायचंय,” मी म्हणालो.

ती वळली. केसांना एक वाळकं पान लागलं होतं, ते तिने काढलं नाही. “सांग.”

मी तोंड उघडलं. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि त्यांत मला घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त वही दिसत होती, तिच्या काखेत.

“पाचव्या ताटव्यात...” मी म्हणालो, “एक माशी बसली.”

तिने केसांतलं पान काढून टाकलं. मग वही माझ्या हातात दिली. “लिही मग.” त्या तेवीस फुलांवरच पंधरावा दिवस भरला.

संध्याकाळच्या बसने ती गेली. खिडकीतून म्हणाली, “पत्र पाठवीन, नोंदवही.” मी हात वर केला. हलवायचा राहिला, बस वळली.

पत्र आलं चार महिन्यांनी. ते मला पाठ आहे.

‘नोंदवही,

प्रबंध जवळजवळ झाला. एकच दिवस अडलाय. मी हवामान कार्यालयाचे आकडे मागवले होते. ज्या दिवशी मी आजारी होते, त्या दिवशी तिथे साडेआठ तास लख्ख ऊन होतं म्हणे. तुझ्या नोंदीत ढग, आणि फुलं मिटलेली. इथल्या सरांना मी सांगितलं, त्याची नोंद चुकायची नाही. एक तर तेवढ्या रानावर ढग अडकला असेल, नाही तर फुलं भर उन्हात मिटली असतील. दुसरं खरं असेल तर ती फार मोठी गोष्ट आहे. मी त्यावर चार पानं लिहून बसले आहे. सर म्हणतात, ती फाडा. म्हणून तुला विचारते. त्या दिवशी ढग होते का?

आणि नसतील, तर मग तसं का लिहिलंस, तेही लिही. मी रागावेन असं मला वाटत नाही. वीस तारखेच्या आत कळव.’

हवामान कार्यालयावर विश्वास न ठेवता तिने माझ्या अक्षरावर ठेवला होता. माझ्यासाठी तिने चार पानं भरून फुलांना खोटं पाडलं होतं.

‘होते’ असं लिहिलं असतं, तर माझं खोटं तिच्या नावावर कायमचं छापलं गेलं असतं. ‘नव्हते’ लिहायचं, तर पुढे ‘का’ लिहावं लागणार. किती कागद घेतले, सांगत नाही. ‘का’पाशी आलो की पेन थांबायचं. जे एकच काम मला बरं येत होतं, त्यातच मी लबाडी केली. आता त्याच हाताने ‘तू मला आवडतेस’ असं लिहिलं, तर तिने ते खरं का मानावं? आणि ‘रागावेन असं वाटत नाही’ हे तिने काय, शिष्टाचार म्हणूनही लिहिलं असेल. अशा शंकांना मी जागा देत गेलो. वीस तारीख आली. एकवीस आली.

पुढे आमच्या सरांकडून कळलं. तिने ती चार पानं काढून टाकली. परीक्षकांनी मोजणीच संशयास्पद ठरवली, आणि पुढच्या वसंतात तिला दुसऱ्या कुठल्याशा रानात, एकटीने, पंधराच्या पंधरा दिवस पुन्हा मोजावे लागले. वर्ष गेलं तिचं.

“चिडल्या होत्या का?” मी विचारलं.

“नाही हो,” सर म्हणाले. “गप्प होत्या.”

त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. यायचं कारण नव्हतं. मी लग्न केलं नाही. त्यामागे काही थोर निश्चय वगैरे नव्हता, विचारायचं धाडस लागतं आणि ते मी एका माशीवर घालवून बसलो होतो. निवृत्त झालो. ताई आणि मी एकत्र राहतो. तिची मशीन आता बंद आहे, जीभ चालू आहे.

गेल्या महिन्यात विभागाकडून एक पार्सल आलं. उघडलं तर ती वही, तिने पुढे विभागाला दिलेली. जुनी, कडा खाल्लेली, माझं अक्षर. सोबत आताच्या विभागप्रमुख बाईंचं पत्र होतं. रानतारा हल्ली तीन आठवडे आधीच फुलतो, त्यामुळे बेचाळीस वर्षांपूर्वीच्या या नोंदी फार मोलाच्या ठरल्या आहेत. त्या छापायच्या आहेत. तरी नोंद घेणाऱ्याने प्रत्येक पानाखाली ‘बरोबर’ असं लिहून सही करावी. नंतर वही संशोधिका बाईंकडे त्यांच्या सहीसाठी जाईल. ‘वही आधी तुमच्याकडे पाठवावी, असं त्यांनीच सुचवलं,’ असं शेवटी होतं. खाली तिचा पत्ता.

मी चौदा पानांवर सह्या केल्या. पंधराव्या पानावर थांबलो. ‘ढगाळ’ या शब्दाशेजारी पेन्सिलीने काढलेलं एक लहानसं प्रश्नचिन्ह होतं. जुनं, पुसट. तिचं.

तीन दिवस ते पान टेबलावर उघडं होतं. चौथ्या दिवशी ताई चहा घेऊन आली आणि समोर बसली.

“काय अडलंय?”

मी सांगितलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, सगळं. उन्हापासून माशीपर्यंत. ताईने मध्ये एकदाही टोकलं नाही, हेच विशेष.

“एवढंच?” ती शेवटी म्हणाली.

“एवढंच कसं, ताई? तिचं वर्ष गेलं.”

“तिचं एक गेलं. तुझी किती गेली?” तिने बशीत चहा ओतला. “तुला वाटत होतं, मला माहीत नाही. पोस्टमन ते पत्र देऊन गेला, तर तू दोन दिवस जेवला नाहीस. मला वाटलं तिने नाही म्हटलं. आणि इथे नाही म्हणायला तिला तू विचारलंच नव्हतंस.”

“आता काय लिहू? तिला नवरा असेल. नातवंडं असतील.”

“असू देत की. तू तिला मागणी घालतोयस की ढगाचं सांगतोयस?”

“...दोन्ही एकच आहे, ताई.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मशीनच्या सुईत दोरा ओवताना पाहायची तसं, डोळे बारीक करून. “मग दोन्ही लिही. तिचा संसार त्याने मोडत नाही, आणि तुझं ओझं उतरतं. आहे वरातीमागून घोडं, पण निघू दे.”

“तिने हसून फेकून दिलं तर?”

“वही आधी तुझ्याकडे पाठवा, असं म्हणणारी बाई फेकून द्यायला विचारत नाही,” ताई म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

मी पेन घेतलं. ‘ढगाळ’वर एक सरळ रेघ मारली – तो शब्द वाचता येईल अशी – आणि वर लिहिलं, ‘ऊन’. पुढच्या दोन रकान्यांतही तशीच रेघ मारून ‘एकशे चौदा’ आणि ‘पुष्कळ’ लिहिलं. खाली सही केली. मग दुसरा कागद घेतला. कच्चा मसुदा केला नाही. केला असता तर पुन्हा अडलो असतो.

‘ढग नव्हते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन होतं. साडेबारा वाजता आठ ताटव्यांत मिळून एकशे चौदा फुलं उघडी होती. मी मोजली होती, लिहिली नाहीत. फुलांनी काही वेगळं केलं नव्हतं. जे केलं ते मी केलं.

का, तेही तू विचारलं होतंस. पंधरा दिवस भरले की तू जाणार होतीस. मला आणखी एक दिवस हवा होता. मागायची हिंमत नव्हती, म्हणून चोरला. त्यापायी तुझं एक वर्ष गेलं. त्याची क्षमा मागतो. मिळावी असा हट्ट नाही.

त्या शेवटच्या दिवशी मी माशीबद्दल सांगणार नव्हतो. तू मला आवडत होतीस, हे सांगणार होतो. मध्ये काही नोंद घेतलेली नाही, पण त्यात बदल झालेला नाही.

वहीतलं पान मी दुरुस्त केलं आहे. ती तुला सही करायला मिळेलच. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून पत्र वेगळं पाठवतो आहे. तू कशी आहेस, ते लिहावंसं वाटलं तर लिही. तारखेची अट नाही.’

तिला ‘तू’ म्हटलं होतं. हे सही करताना माझ्या लक्षात आलं, आणि मी कान चाचपले.

वही न्यायला विभागाचा माणूस सोमवारी येणार होता. पत्र त्याच्या आधी निघायला हवं होतं. शनिवारी सकाळी मी कोट घातला. ताई दारापर्यंत आली.

“तिकीट लावलंस?”

“लावलं.”

“पत्ता?”

“दोनदा तपासला.”

“तिसऱ्यांदा तपासायला परत येऊ नकोस,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला.

पेटी कोपऱ्यावरच आहे. चालायला पाच मिनिटं लागतात. मी वीस लावली. पोचलो तेव्हा पोस्टमन पेटीचं दार उघडून आतली पत्रं पिशवीत भरत होता. तरुण, सायकलला टेकून, घाईत.

“टाकायचंय का, काका?” त्याने पिशवीचं तोंड माझ्यापुढे धरलं. “द्या इकडेच. आत्ताच्या गाडीने जाईल.”

“उद्या नाही जाणार?”

“उद्या रविवार.”

मी पाकीट पिशवीत घातलं. तो थांबला. मीही थांबलो. त्याने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “काका... सोडा ना मग.”

मी सोडलं.